हकिकत लटारूजी मालगुजार यांच्या पाचव्या चाकाची

शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबीनाम संवत्सर, वैशाख मास. सरकार चांदा, परगणे चामोर्शी, वैनगंगेच्या उगवतीस मौजे चिचबोडी म्हणून गाव, तेथील मोहिमेची हकिकत पुसणारांनी वारंवार पुसिली आणि सांगणारांनी आपापल्या सोयीने सांगितली, त्यामुळे खरे बुडाले आणि खोटे तरंगले. सबब जे घडले ते घडल्यासारखे लिहून ठेवावे, पदरचे घालू नये, घातल्यास ओळखू येऊ देऊ नये, ऐसा निश्चय करून ही हकिकत लिहिली असे. ऐकणारांनी पानसुपारी जवळ घ्यावी आणि हसू आल्यास तोंडावर उपरणे धरावे, कारण मोहिमेतील मातबर माणसे अद्याप हयात आहेत आणि त्यांचे कान शाबूत आहेत.

मौजे मजकूरचे श्रीमंत लटारूजी हे पिढीजाद मालगुजार. देह थोर, मिशा त्याहून थोर, आवाज ऐसा की अंगणात बोलले तर बांधावरचा बगळा उडे. परंतु काळाची फिरकी पाहा, सरकारने मालगुजारी खालसा केली, आणि मग सरकारही नागपुराहून उठून मुंबईस जाऊन बसले, आणि लटारूजींचे पदरी धानाच्या बांध्या, तीन खणांची बैठक आणि हुकूम सोडण्याची सवय एवढाच सरंजाम उरला. हुकूम सोडावा तर ऐकणार कोण? गावकरी 'हो जी' म्हणत आणि आपल्या कामास जात. सबब हुकूम ऐकण्यास एखादी तरी वस्तू पदरी असावी म्हणून त्यांनी गोऱ्या फौजेने लढाईत वापरून टाकिलेली जीपगाडी लिलावात घेतली. तीही पुष्कळदा ऐकत नसे.

तिचा सारथी नथ्थू. हा पूर्वी धानाच्या गिरणीचे इंजिन चालवीत असे, आणि जे जे गरगर फिरते त्याचे मर्म आपणास ठाऊक, ऐसा त्याचा समज होता. समज पक्का, बाकी नट ढिले.

आता मोहिमेचे कारण. लटारूजींस कन्या एकच, कमळाबाई. ती दिना नदीपलीकडे, मुलचेऱ्याच्या अंगास, मौजे आंबेझरी येथील रामाजी पाटील यांचे घरी दिली होती. तिला दिवस राहिले, आठवा लागला, आणि पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी व्हावे हा तर शिरस्ता. त्यास वाट कैशी? आधी जंगल, मग खडक, मग दिना नदीचे पात्र, जेथे वैशाखात पाणी घोट्याएवढे आणि रेती कमरेएवढी. मृग लागला म्हणजे नदी भरे आणि चार मास वाट मिटे. बैलगाडीने आणावी तर दोन दिवस हाडे मोजीत यावे लागे, आणि पोटुशी बाईने ऐसे धक्के खाऊ नयेत म्हणून सुईण रुखमाबाई हिने साफ मना केले. उरली जीप, जी सकाळी निघाली तर दुपारी पोचे. मात्र पोचली तर.

कारण मागील दिवाळीस काय जाहले होते? लटारूजी लेकीच्या भेटीस निघाले, आणि जीप दिना नदीच्या मधोमध रेतीत जी बसली ती म्हैस डबक्यात बसावी तैशी बसली, आणि मग रामाजींनी आपली बैलजोडी धाडून ती ओढून काढिली, आणि काढून गप्प बसावे की नाही, तर बैलांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालून जीप त्यांच्या मागे बांधूनच गावात आणिली. आंबेझरीची बायकामाणसे दारात उभी राहिली. लटारूजी जीपमध्ये ताठ बसून राहिले आणि हे सर्व आपल्याच हुकमाने चालले आहे ऐसे तोंड केले, परंतु आंतून माणूस खचला.

तेव्हा या वैशाखात रामाजींचा पैगाम आला की, जीप नदी आपल्या पायांनी उतरून येईल तर सून खुशाल धाडीन. आमच्या बैलांनी ओढावी लागली तर सून इथेच बाळंत होईल, कारण जी गाडी एकट्या बापास नेऊ शकत नाही ती लेकीस कैशी नेईल? यात रामाजींचे बोलणे खरे होते, आणि व्याह्याचे बोलणे खरे असावे याहून मोठे दुःख लटारूजींनी मालगुजारी गेली तेव्हाही भोगिले नव्हते.

मग बैठकीत खलबत बसले. नथ्थूने मसलत दिली की, दोष इंजिनाचा नव्हे, टायरांचा आहे. बारीक टायर रेतीत सुरीसारखे रुतते, रुंद टायर उंटाच्या पायासारखे वर राहते. नथ्थूने उंट पाहिला नव्हता आणि लटारूजींनीही नव्हता, सबब मसलत एकमताने मंजूर जाहली. बांबूच्या ठेकेदाराचा एक लष्करी ट्रक मागील सालापासून जंगलात मरून पडला होता. त्याची चार टायरे लटारूजींनी ठेकेदाराच्या मुनशीस गाठून, त्याच्या गावचा आणि आपला काही लांबचा संबंध जोडून, मिळविली. टायरे काय, चार राक्षसच! एकेकाची नक्षी ऐसी खोल की त्यात बोट घातले तर अर्धे नाहीसे होई.

ती बसविण्याचा संग्राम अंगणात जाहला. नथ्थूने जुनी टायरे उतरविली आणि नवी पहारीने रिमांवर चढविली, आणि चढविता चढविता एक पहार उसळून बैठकीच्या कौलांवर गेली, तेथून दोन कौले धारातीर्थी पडली. मग चाके लाविली आणि सुकाणू फिरवून पाहावे तो टायर मडगार्डास घासून किंचाळू लागले. तेव्हा नथ्थूने छिन्नी-हातोडा घेऊन मडगार्डांच्या कडा कापिल्या. डावी कड नीट कापली गेली. उजवीकडे छिन्नी बोथट जाहली आणि जेवणाची वेळही जाहली. त्यामुळे जीप डावीकडे झोकात वळे, आणि उजवीकडे वळावयाचे म्हणजे मोठी भिडस्त होई. परंतु उंची काय वाढली! जीप अंगणात उभी राहिली तो शेजारच्या भिंतीवरून पलीकडे पाहू लागली. लटारूजींनी तिला प्रदक्षिणा घातली आणि मिशीस पीळ दिला.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानी आली नाही. मागे टांगलेली स्टेपनी जुनीच राहिली. चार टायरे राक्षसाची आणि पाचवे बकरीचे.

ते ध्यानी आले चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी. लटारूजींचे कुटुंब सुगंधाबाई बाजार करून जीपमध्ये बसल्या, आणि परतीच्या वाटेवर मागचे एक टायर बाभळीच्या काट्याने फुटले, आणि नथ्थूने निर्धास्तपणे जुनी लहान स्टेपनी तेथे लाविली. लाविताच जीप एका अंगास ऐसी कलली की जणू कोणी तिच्या कानात गुपित सांगत आहे. मग वांगी कलली, मग टोपली कलली, आणि मग सुगंधाबाई बाकावरून घसरत आल्या त्या थेट लटारूजींवर. शिवाय तीन चाके एक पल्ला जात तेव्हा चौथ्यास जास्त गरगरावे लागे, त्यामुळे खालून दळणासारखा आवाज येई आणि जीप एकसारखी एकीकडे ओढ घेई. गाव येईतो सुगंधाबाई एकसारखी वांगी मोजीत राहिल्या. ही मोठी धोक्याची खूण होय.

अंगणात उतरून त्यांनी पदर खोचिला आणि फर्मान काढिले.

"अजी, आयकता का? पोरीले आनाले जाल, आन् तिथी जंगलात टायर फुटन, आन् तुमी हे लेकराएवढं चाक लावान. मंग माही पोर पोट धरून अशीच घसरन का?"

"अवो, दर वेळी थोडंच फुटते..."

"दर वेळी नाई, त्याच वेळी फुटते! तुमचं नशीब मले ठाऊक हाये. पाचवं चाक बाकीच्याएवढंच पायजे. त्याबिगर गाडी दाराबाहेर जानार नाई. नाई तं मी पायी जातो, आन् तिथीच राह्यतो पोरीपाशी. तुमी आन् नथ्थू इथी रांधून खा."

लटारूजींनी मनात पाहिले, पायी जातील. आणि हेही पाहिले की, लेक माहेरी न येता पलीकडे राहिली, आणि मध्ये नदी भरली, तर चार महिने रात्री उठून त्या दिशेस पाहत बसणारा माणूस आपणच असू. हे त्यांनी कोणास सांगितले नाही. फक्त नथ्थूस एवढ्यातेवढ्यावरून ओरडले.

मग फुटलेल्या टायरास ठिगळ लावून ते जागी बसविले, लहान पुन्हा मागे टांगिले, आणि पाचव्या टायराचा शोध सुरू जाहला. त्या मापाचा माल चांद्यास नाही, नागपुरासही नाही, फौज गेली आणि मापही घेऊन गेली. अखेर मुनशीने बातमी दिली की, त्याच ट्रकची स्टेपनी मागल्या पावसाळ्यात सुटून नाल्यास गेली, ती वाहत पुसेरकसा नामे जंगलगावी लागली, आणि तेथे लालसू म्हणून वडीलधारे गृहस्थ आहेत, त्यांची बायको सोमारी हिने ती ओढून घरी नेली.

हे ऐकताच कूच जाहले. पुसेरकसा मोहाच्या झाडांत वसलेले, चार-दोन घरांचे. लालसूंच्या अंगणात टायर साजरे पडले होते, नवेच्या नवे, जणू गोल सिंहासन, आणि त्याच्या पोकळीत तणसावर एक तांबडी कोंबडी अंडी उबवीत बसली होती. लटारूजींनी जीपवरून ते पाहिले आणि जुन्या सवयीने गाडीतच बसून नथ्थूकरवी हुकूम पाठविला की, चिचबोडीचे मालगुजार आले आहेत, तरी टायर हजर करावे.

सोमारीबाई ओट्यावर मोहफुले निवडीत होती. तिने मान वर केली नाही.

"कोन मालगुजार? मालगुजारी तं बुडाली म्हनतेत. आन् आमचा गाव त्याहिच्याकडे होता तरी कदी?"

"तसं नाई, बाई," नथ्थू म्हणाला, "त्याहिले फक्त टायर पायजे."

"मंग उतरत काऊन नाई? त्याहिले गाडीले शिवून टाकलं का?"

लटारूजी उतरले. उंची वाढल्यामुळे उतरणे म्हणजे पडणे आणि उडी यांच्या मधले काही होई, ते जाहले. लालसूंनी "जोहार" केला, खाट टाकिली, पाणी दिले, आणि मग दोन्ही पक्ष समोरासमोर बसले. लटारूजी म्हणाले, टायर आमच्या गाडीच्या जातीचे आहे, बोला काय पाहिजे. त्यावर सोमारीबाई म्हणाली, "हिले म्या नाल्यातून ओढून आनली. अंगनात राह्यली, माझ्या घरची पोर झाली. घरची पोर कोनी हुकुमानं नेते का?"

"हुकुमानं नाई नेत," लालसू गंभीरपणे म्हणाले, "सोयरीक करून नेते."

नवऱ्याचे तोंड सरळ होते, बायकोचेही सरळ होते, आणि अंगणाच्या कडेस जमलेल्या मंडळींचीही तोंडे सरळ होती. लटारूजींनी एका तोंडाकडून दुसऱ्याकडे पाहिले. थट्टा चालली असेल तर रागवावे आणि खरेच असेल तर रागावू नये, हे त्यांस कळत होते. परंतु कोणते चालले आहे हे कळत नव्हते. तेव्हा त्यांनी घसा साफ करून म्हटले की, ठीक, सोयरीक करू, नवरदेव म्हणजे ही जीपगाडी.

मग लालसूंनी पुढचा सवाल घातला. त्या जंगलगावच्या लोकांत कुळे देवांच्या संख्येवर ओळखितात. चार देवांचे कूळ चार देवांस भाऊ मानते आणि आपसांत लेक देत घेत नाही.

"गाडी किती देवांची?"

"चार चाकाची," नथ्थू म्हणाला, "म्हंजे चारच धरा."

"आन् ट्रकवाली मंडळी?"

"ही धरून पाच."

"मंग जमते," लालसू म्हणाले, आणि अंगणभर मान डोलली. लटारूजींस वाटले, गड आला. इतक्यात सोमारीबाई उठली, जीपभोवती हळूहळू फिरली, प्रत्येक टायराच्या नक्षीवरून तिने हात फिरविला, मग आपल्या टायराच्या नक्षीवरून फिरविला, आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"अगा, या चौघी कोन?"

"त्याच ट्रकच्या," नथ्थू बोलून गेला.

"म्हंजे हिच्या सख्ख्या बहिनी! चार बहिनी आधीच घरात घातल्या, आन् आता पाचवी मागून राह्यले?"

"तसं नाई बाई, ही त्या चौघींसारखी नाई," नथ्थू खुलासा करावयास गेला, "हिले काम नाई. हिले आमी मागं टांगून ठेवतो."

हे ऐकून कोंबडीनेही मान वर केली. मग सोमारीबाई म्हणाली, "हिले हिले! पाचवी सवत, आन् वरून टांगून ठेवता! कुठी आनली तुमी ही रीत?" 'हिले' म्हणजे त्यांच्या बोलीत 'नाही'. हे कोणास सांगावे लागले नाही. आणि मग कडेची एक म्हातारी पदरात तोंड घालून खोकल्यासारखे करू लागली, आणि तिचा खोकला पुढल्यास लागला, आणि सगळे अंगणच खोकू लागले.

लटारूजींच्या ध्यानी आले की आपली मिशी, आवाज आणि पिढीजाद हुकूम या तिन्ही तोफा येथे ओल्या जाहल्या आहेत. ते खाटेवर मागे टेकले. उपरण्याने कपाळ पुसले. आणि मग हुकमाचा नव्हे, कसलाच नव्हे, ऐशा साध्या आवाजात म्हणाले, "बाई, पोरीले आनाचं हाये. पहिलं बाळंतपन हाये तिचं. नदीपल्याड हाये ती. पाचवं चाक नसन तं तिची माय मले जाऊ देत नाई. मृग आला का वाट बंद होते."

खोकला थांबला. सोमारीबाई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग अशी रागावली की आधीचा सगळा राग लटका ठरावा.

"मंग हे पयले काऊन नाई सांगितलं? एवढा येळ सोयरीक करत बसले! पोर आनाची हाय तं घेऊन जा ना! जा!"

परंतु कोंबडी बाकी होती. ती अंड्यांवरून उठेना आणि तिला बेघर करणे कोणासही मंजूर नव्हते. तेव्हा तह ठरला तो साटंलोट्याचा, म्हणजे या घरची तिकडे तर त्या घरची इकडे. जीपच्या मागे टांगलेले लहान टायर रिमावरून काढून येथे द्यावे, मोठे त्या रिमावर चढवावे. आणि सोमारीबाईने एक कलम वाढविले की कोंबडी मालगुजारांनी स्वतः उचलून नव्या घरी बसवावी, कारण मागणी त्यांची आहे. लटारूजी बाह्या सारून पुढे जाहले. कोंबडीने पहिल्या हल्ल्यात त्यांचे मनगट फोडिले, दुसऱ्यात मिशीचे दोन केस काबीज केले, परंतु माणूस मागे हटला नाही. तिला छातीशी धरून, डोळे मिटून, त्यांनी लहान टायरात नेऊन ठेविले, अंडी मागून गेली, आणि ती दोनदा गोल फिरून बसली. तिला ते माप अधिक सोयीचे जाहले. मग अवघ्या गावाने आळीपाळीने हातपंप मारून मोठ्या टायरात हवा भरिली, सोमारीबाईने त्यास हळद लाविली, लालसूंनी जीपच्या टपावर थाप मारून "आता तुमी आमचे सगे" ऐसे म्हटले, आणि निरोप दिला. टायर मागच्या खुंटीस मावेना, सबब अंबाडीच्या दोरीने करकचून बांधिले.

मग आंबेझरीवर स्वारी निघाली. सुगंधाबाईंनी निघताना टायर हाताने दाबून पाहिले, चारांशी ताडून पाहिले, आणि "जा" एवढेच म्हटले. दिना नदीच्या पलीकडल्या काठी रामाजी आधीच येऊन उभे होते, आणि त्यांच्या बाजूस तीच बैलजोडी, शिंगे रंगविलेली, गळ्यात माळा, दोर तयार. उन्हात उभे राहून बैलही कंटाळले होते. नथ्थूने टायरांतली थोडी हवा काढिली आणि जीप रेतीत घातली. ती घरघरली, अंग टाकू लागली, लटारूजींनी मनात कुलदैवताचे नाव घेतले आणि तोंडाने नथ्थूस शिव्या दिल्या, आणि मग त्या राक्षसी टायरांनी रेती पायाखाली घेतली, पाणी दोन्ही अंगांस उडविले, आणि जीप हळू हळू, परंतु आपल्याच पायांनी, काठ चढून वर आली. रामाजींनी दोर गुंडाळिला. बैलांकडे पाहिले. बैलांनी दुसरीकडे पाहिले.

येथे मोहीम संपावी की नाही? परंतु वाड्यापुढे जीप थांबली, कमळाबाई दारातून आली, पोट सावरीत, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, आणि गाडीजवळ येऊन थांबली. बसावयाची जागा तिच्या छातीशी येत होती. टायरे मोठी जाहली तैशी जीपही उंच जाहली होती, आणि आठव्या महिन्यातल्या बाईने त्या उंचीवर पाय कैसा टाकावा, याचा विचार चिचबोडीच्या सबंध खलबतात कोणी केला नव्हता.

रामाजींच्या मुखावर पुन्हा तेज आले.

"इवाई, नदी तं उतरले, बाप्पा! आता सुनेले काय आंब्याच्या झाडावरून सोडता का गाडीत?"

आणि त्यांनी मोठ्या उदारपणे कोठीची शिडी आणविली. शिडीस टेकून चढणे म्हणजे पोट दाबणे, म्हणून तिथल्या बायकांनी ती फेटाळिली. खाट आणिली, तिची नवार खाली लोंबली. मग लटारूजींनी हुकूम दिला की जीप उंच ओट्यास लावावी, म्हणजे ओट्यावरून सरळ आत पाऊल टाकता येईल. परंतु ओटा उजव्या हातास होता. नथ्थूने सुकाणू पिळिले, टायर मडगार्डास घासून किंचाळले, आणि जीप ओट्याऐवजी तुळशीवृंदावनाकडे निघाली. ती महत्प्रयासाने थांबविली. लटारूजी घामाघूम होऊन उभे राहिले. चार दिवसांची हिंमत एका वितीपुढे खलास होते, आणि लेक हाताच्या अंतरावर उभी आहे, हे पाहून त्यांनी उपरण्याने दोनदा तोंड पुसिले.

"बाबा," कमळाबाई म्हणाली, "ते मागचं चाक काऊन बांधून ठेवलं? सोडा ना ते. खाली आडवं ठेवा."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"पाटासारखं," ती म्हणाली. "मी काय उडून राह्यली का? एक पायरीच तं पायजे."

दोरी सुटली. पाचवे चाक जमिनीवर आडवे निजले. नवऱ्याने एक हात धरिला, सासूने पाठ धरिली, कमळाबाईने चाकावर पाऊल ठेविले, मग दुसरे, मग आत, आणि हुश्श करून बसली. तेव्हा रामाजी म्हणाले की, वाटेत काही झाले तर जाणते माणूस पाहिजे, आणि कोणी बोलाविले नसता मागे चढून बसले. चाक परत बांधिले आणि स्वारी निघाली. खडक आला, जंगल आले, नदी तर आधीच जिंकिली होती. एकही टायर फुटले नाही. नथ्थूस याचे किंचित वाईट वाटले.

चिचबोडीस गाव अंगणात लोटले होते. सुगंधाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. नथ्थू चाक सोडावयास गेला, तो लटारूजींनी त्यास बाजूस सारिले. स्वतः दोरी सोडिली, स्वतः चाक उचलून लेकीच्या पायाखाली आणून ठेविले. जमीन तेथे खालीवर होती आणि चाक डुगडुगत होते. तेव्हा पिढीजाद मालगुजार, सबंध गावादेखत, धोतर आवरून धुळीत उकिडवे बसले, आणि दोन्ही हातांनी ते चाक दाबून धरिले. कमळाबाईने खाली पाहिले. धरावयास काही नव्हते, म्हणून तिने हात बापाच्या पागोट्यावर टेकिला आणि सगळा भार देऊन पाऊल उतरविले. पागोटे डोळ्यांवर आले.

"बाबा, हात काढा, बोटं दबतीन."

"दबू दे," लटारूजी पागोट्याखालून म्हणाले. "तू उतर."

ती उतरली. सुगंधाबाईंनी तुकडा ओवाळून टाकिला, डोळ्यांस पाणी लाविले, लेकीस पोटाशी धरून आत नेली, आणि गाव मागोमाग आत गेले. अंगणात एकटे रामाजी राहिले, जीपवर. त्यांनी एक पाऊल पुढे काढिले आणि चाकाची वाट पाहिली. लटारूजींनी चाक उचलिले, खांद्यास लाविले, आणि सावकाश भिंतीपाशी नेऊन टेकविले. मग व्याह्यांनी धोतर एका हाती धरून उडी मारिली.

येणेप्रमाणे हेमलंबीनाम संवत्सरी, मृगाच्या आधी, कमळाबाई माहेरी दाखल जाहल्या, पूर्ण फत्ते जाहली. चार चाके नदी तुडवीत गेली आणि तुडवीत आली, पाचवे पाठीवर बसून गेले आणि भुईवर निजून राहिले, तरी यश पाचव्याचे नावे लिहिले असे. सेनापतींची दोन बोटे तेवढी सुजली होती. ती त्यांनी कोणास दाखविली नाहीत, आणि जेवताना डाव्या हाताने का जेवता म्हणून व्याह्यांनी पुसिले, तेव्हा व्याह्यांस आणखी वाढा ऐसा आत हुकूम सोडिला.